उंटांच्या तळावरचे धनादेश : कुवेतच्या ‘सूक अल-मनाख’ची कहाणी

(१)
आजचा धागा एका अशा बाजाराविषयी आहे, जो कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ अस्तित्वातच नव्हता. १९८२च्या ऑगस्टमध्ये तो कोसळला, तेव्हा तिथे फिरत असलेल्या धनादेशांची मोजदाद झाली. धनादेश होते सुमारे २९ हजार आणि त्यांवर लिहिलेली एकूण रक्कम होती सुमारे २६.७ अब्ज कुवेती दिनार, म्हणजे ९० अब्ज अमेरिकी डॉलरहून अधिक. कुवेतचे त्या वर्षीचे सकल उत्पादन २२ अब्ज डॉलरच्या आसपास होते. देश वर्षभरात जे मिळवतो त्याच्या चौपटीहून अधिक रक्कम मूठभर लोकांनी एकमेकांना लिहून दिली होती. अख्ख्या भारताचे त्या वर्षीचे सकल उत्पादन सुमारे २०० अब्ज डॉलर होते, यावरून या आकड्याची कल्पना यावी.

(२)
हे धनादेश कोणी लिहिले, ते घेणाऱ्यांनी का घेतले आणि ते वटेनासे झाल्यावर भुर्दंड कोणी सोसला, हे या धाग्याचे तीन प्रश्न आहेत. पहिल्या दोहोंची उत्तरे अर्थशास्त्रात सापडतात. तिसऱ्याचे उत्तर मात्र राजकारणात शिरते. तिथे मंत्र्यांचे राजीनामे आहेत आणि एका विसर्जित संसदेचा इतिहासही आहे. सट्ट्याच्या कहाण्या बहुधा लोभाच्या म्हणून सांगितल्या जातात. लोभ इथेही होताच. पण लोभ सगळ्याच देशांत असतो. कुवेतमध्ये त्याला एवढे मोठे मैदान कसे मिळाले, हे समजण्यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

(३)
तेलाच्या आधीचे कुवेत म्हणजे समुद्रावर जगणारे एक बंदर. इथल्या गलबतांतून बसऱ्याचा खजूर मुंबई, कराची आणि मलबारच्या किनाऱ्याकडे जाई; परतताना जहाजबांधणीचे लाकूड, तांदूळ, कापड, मसाले येत. दुसरा मोठा धंदा मोत्यांचा, आणि त्या मोत्यांची मोठी पेठ मुंबईत होती. सागरी व्यापारात महिनोन्महिने माणूस आणि माल दोन्ही नजरेआड असतात. त्यामुळे सारा व्यवहार उचल, उधारी आणि शब्दावर चाले. मोती काढणारा पाणबुड्या नाखव्याकडून उचल घेई आणि नाखवा व्यापाऱ्याकडून. घराण्याची पत हीच तिथली सगळ्यांत मोठी ठेव होती. पुढच्या कथेत ही गोष्ट महत्त्वाची ठरणार आहे.

(४)
आता मराठी वाचकाला जवळचा वाटेल असा एक तपशील. १९६१पर्यंत कुवेतचे चलन होते भारतीय रुपया. आखातातल्या बहुतेक छोट्या राज्यांत तोच चाले. मात्र पन्नासच्या दशकात यातून भारताला मोठा तोटा होऊ लागला. आखातातून सोने चोरट्या मार्गाने भारतात येई, त्याच्या बदल्यात रुपये बाहेर जात आणि तेच रुपये बँकांमार्फत रिझर्व्ह बँकेकडे परत येऊन त्यांच्या जागी पौंड मागितले जात. तस्करीचे बिल भारताच्या परकीय गंगाजळीतून फेडले जात होते. यावर उपाय म्हणून १९५९मध्ये भारताने केवळ आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या. ‘झेड’ अक्षराने सुरू होणारे क्रमांक असलेल्या या नोटा आजही संग्राहकांच्या वह्यांत जपलेल्या दिसतात.

(५)
१ एप्रिल १९६१ रोजी कुवेतने स्वतःचा दिनार आणला. एक दिनार म्हणजे एक पौंड, म्हणजेच १३ रुपये ३३ पैसे, असा त्याचा आरंभीचा भाव होता. त्याच वर्षी १९ जूनला देश ब्रिटिश संरक्षणातून मुक्त झाला. यातला मथितार्थ लक्षात घ्या. तोवर कुवेतच्या चलनाचे निर्णय मुंबईच्या रिझर्व्ह बँकेत होत आणि परराष्ट्र धोरणाचे लंडनमध्ये. स्वतःची मध्यवर्ती बँक चालवण्याचा अनुभव या देशाकडे नव्हताच. कुवेतच्या मध्यवर्ती बँकेचा कायदा १९६८चा, आणि तिचे कामकाज सुरू झाले ते १ एप्रिल १९६९ रोजी. आपल्या कथेतला स्फोट झाला, तेव्हा ही संस्था अवघी तेरा वर्षांची होती.

(६)
पैसा मात्र संस्थांच्या वाढीसाठी थांबला नाही. तेलाची निर्यात १९४६मध्ये सुरू झाली होती. १९५२मध्ये स्थानिक व्यापाऱ्यांनी ‘नॅशनल बँक ऑफ कुवेत’ स्थापली. ती आखातातली पहिली देशी बँक. १९६०मध्ये कंपन्यांचा कायदा आला आणि १९७०मध्ये शेअरांच्या व्यवहारांचा. मग १९७३-७४मध्ये तेलाच्या किमती चौपट झाल्या. सरकारकडे आलेला पैसा पगार, अनुदाने आणि जमिनींची चढ्या भावाने खरेदी अशा वाटांनी नागरिकांच्या खिशांत उतरू लागला. लोकवस्ती लहान, त्यातही नागरिक निम्म्याहून कमी. शेती नाही, उद्योग मोजके. हा पैसा गुंतवायचा कुठे? जमीन आणि शेअर एवढेच दोन मार्ग समोर होते.

(७)
म्हणून पहिली तेजी सत्तरच्या दशकाच्या मध्यावरच आली आणि १९७६-७७मध्ये ती ओसरली. भाव गडगडले आणि गुंतवणूकदार सरकारच्या दारात उभे राहिले. सरकारने दोन प्रकारची पावले उचलली. एक, पडते भाव सावरण्यासाठी स्वतः ठरवलेल्या किमतीला शेअर विकत घेतले. दोन, नियम कडक केले. नव्या सार्वजनिक कंपन्या काढण्यास काही काळ मनाई केली आणि वायद्याच्या व्यवहारांना चाप लावला. दोन्ही पावले वरवर पाहता समंजस होती. परंतु पुढच्या पाच वर्षांच्या अनर्थाचे बीज याच दोन निर्णयांत दडलेले होते, असे मागे वळून पाहताना दिसते.

(८)
पहिल्या निर्णयाने लोकांना एक धडा दिला : भाव चढले तर नफा आपला, पडले तर सरकार आहेच. असा धडा एकदा मिळाला, की तो विसरला जात नाही. दुसऱ्या निर्णयाने अधिकृत बाजाराभोवती भिंत बांधली. आत मोजक्या कुवेती कंपन्या उरल्या आणि त्यांचे बहुतेक शेअर मोठ्या घराण्यांच्या व सरकारच्या हाती होते. बाहेर मात्र पैसा तुंबत होता. १९७९च्या इराणी क्रांतीनंतर तेल पुन्हा भडकले आणि तो पैसा आणखी वाढला. भिंत जिथे संपत होती, तिथूनच नवी वाट फुटली.

(९)
ती वाट अशी होती. कुवेतमध्ये नवी कंपनी काढता येत नाही ना? मग ती बहरीनमध्ये काढा किंवा संयुक्त अरब अमिरातीत. अशा अनेक ‘आखाती कंपन्या’ निघाल्या. प्रवर्तक कुवेती, भांडवल कुवेती, शेअर घेणारेही बहुतांशी कुवेती. परदेशी होता तो फक्त नोंदणीचा पत्ता. अधिकृत शेअर बाजारात त्यांना प्रवेश नव्हता, म्हणून त्यांचे व्यवहार बाहेर सुरू झाले. ज्या देशात त्यांची नोंदणी होती, तिथे त्यांचे शेअर फारसे फिरत नव्हते. आणि जिथे फिरत होते, तिथल्या नियामकाच्या लेखी त्या परदेशी होत्या. दोन देशांच्या कायद्यांमधल्या फटीत एक अख्खा बाजार उभा राहिला.

(१०)
या बाजाराची जागा होती ‘सूक अल-मनाख’. सूक म्हणजे बाजार आणि मनाख म्हणजे उंट गुडघे टेकवून बसवण्याची जागा, उंटांचा तळ. पूर्वी वाळवंटातून आलेले तांडे इथे उतरत आणि उंटांचा व्यापार चाले. सत्तरच्या दशकात तिथे मोटारी उभ्या करण्यासाठी बांधलेली वातानुकूलित इमारत होती. तिच्यातल्या लहान लहान गाळ्यांत दलालांनी कचेऱ्या थाटल्या. ना भाव जाहीर करणारी अधिकृत यंत्रणा, ना कंपन्यांनी हिशेब मांडण्याची सक्ती, ना दलालाला भांडवलाची अट. टेलिफोन, चहा, ओळखीपाळखी आणि चेकबुक, एवढ्यावर हा बाजार चाले.

(११)
आता मूळ यंत्रणा समजून घेऊ, कारण सारी गंमत आणि सारा घात तिच्यातच आहे. समजा, एका शेअरचा आजचा रोखीचा भाव १० दिनार आहे. तुमच्याजवळ रोख नाही. तुम्ही विक्रेत्याला एक वर्षानंतरची तारीख टाकलेला २० दिनारांचा धनादेश देता आणि शेअर आजच ताब्यात घेता. विक्रेता खूश, कारण वर्षभरात त्याचे दुप्पट झाले. तुम्हीही खूश, कारण भाव वर्षाला तिपटीने वाढत असेल तर २० देऊनही तुम्हाला १० उरतात. हे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत. पण वर्षाला १०० टक्के आणि त्याहून अधिक चढावा मनाखमध्ये खरोखरच दिला-घेतला जात होता.

(१२)
हा धनादेश म्हणजे वस्तुतः कर्ज होते, आणि तेही भयंकर व्याजाचे. परंतु त्याला कोणी कर्ज म्हणत नव्हते. बँकेच्या वहीत त्याची नोंद नव्हती, मध्यवर्ती बँकेच्या पतपुरवठ्याच्या आकड्यांतही नव्हती. शिवाय विक्रेता तो धनादेश घरात ठेवून देत नसे. हाती वीस दिनार ‘येणे’ आहेत, या भरवशावर तो स्वतः आणखी धनादेश लिही. काही ठिकाणी अशा कागदांच्या आणि शेअरांच्या जोरावर बँकांकडूनही उचल मिळे. छापखाना न चालवता नवा पैसा निर्माण होत होता, आणि तो निर्माण करण्याचा अधिकार चेकबुक बाळगणाऱ्या प्रत्येकाने आपण होऊन घेतला होता.

(१३)
मग विक्रेत्यांना भीती वाटत नव्हती का? इथे ती जुनी पत आठवा. छोट्या समाजात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. समोरचा कोणत्या घराण्याचा, त्याचा बाप कोण, मामा कोण, हे ठाऊक असते. धनादेश परत येणे ही कुळाला बट्टा लावणारी गोष्ट. त्यात कायदाही कठोर होता. खात्यात पैसे नसताना धनादेश देणे हा फौजदारी गुन्हा मानला जाई. समुद्रावरच्या व्यापारात पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडलेला हा विश्वास मात्र प्रत्यक्ष मालावर उभा होता. गलबतात खजूर असे, मोती असे. मनाखमधल्या कित्येक कंपन्यांकडे नाव आणि नोंदणीपत्र यांपलीकडे दाखवण्यासारखे फारसे काहीच नव्हते.

(१४)
आणि कायद्यात एक काटा दडलेला होता. कुवेतच्या कायद्यानुसार धनादेश हा पाहताक्षणी देय असतो. त्यावर पुढची तारीख असली, तरी धारकाने तो आज बँकेत नेला तर बँकेने तो आजच वटवला पाहिजे. पुढच्या तारखेपर्यंत थांबणे ही केवळ रीत होती, कायद्याचे बंधन नव्हे. म्हणजे मनाखचा अवाढव्य डोलारा कोणी एकाने घाई न करण्याच्या सभ्यतेवर उभा होता. वर्षभराने द्यायचे म्हणून लिहिलेले अब्जावधी दिनार कोणत्याही सकाळी एकदम मागितले जाऊ शकत होते.

(१५)
१९८२पर्यंत अधिकृत आणि अनधिकृत मिळून कुवेतचा शेअर बाजार जगात अमेरिका आणि जपान यांच्या पाठोपाठ तिसऱ्या क्रमांकाचा मानला जाऊ लागला होता. मुंबईतील एखाद्या उपनगराएवढ्या वस्तीच्या देशाचा बाजार लंडनहून मोठा! मनाखमधले सगळ्यांत मोठे सटोडिये ‘अश्वारोही वीर’ म्हणून ओळखले जात. ते होते आठ जण. एकूण देण्यांपैकी फार मोठा वाटा या आठांच्या नावावर होता. त्यांच्यातला सर्वांत मोठा ऋणको हा पासपोर्ट खात्यात नोकरी केलेला, तिशीच्या आतला तरुण होता. एकट्याने त्याने लिहिलेल्या धनादेशांची रक्कम अब्जावधी डॉलरची होती.

(१६)
बाहेर मात्र हवा बदलली होती. शेजारी इराण-इराक युद्ध पेटले होते, तेलाचा बाजार मंदावत होता. १९८२च्या मध्यावर शेअरांचे भाव रेंगाळू लागले. वर्षाला शंभर टक्के चढावा देणाऱ्यांसाठी भाव नुसते स्थिर राहणे हेही मरणच होते, कारण जुने धनादेश फेडण्यासाठी नव्या तेजीची गरज होती. ऑगस्टमध्ये धनादेश मुदतीआधीच बँकेत दाखल होऊ लागले आणि परत आले. बातमी त्या इमारतीतल्या गाळ्या-गाळ्यांतून फिरली. उद्या आपला धनादेश वटणार नसेल तर तो आजच नेलेला बरा, असे सगळ्यांनाच एकदम सुचले. घाई न करण्याची ती सभ्यता संपली, आणि तिच्याबरोबर बाजारही संपला.

(१७)
सरकारपुढचा पहिला प्रश्न साधा होता : कोण कोणाचे किती देणे लागतो? सप्टेंबर १९८२मध्ये खास कायदा करून सर्व धनादेशांची सक्तीची नोंदणी सुरू झाली. धाग्याच्या आरंभी दिलेला २६.७ अब्जांचा आकडा याच नोंदणीतून बाहेर आला. आता गणित पाहा. अ हा ब-ला १०० देणे लागतो, ब हा क-ला १०० आणि क हा अ-ला ९०. कागदावर एकूण देणे २९०. पण तिघांना समोरासमोर बसवले तर अ-ने क-ला फक्त १० द्यायचे. मनाखचा आकडाही अशा वजावटीनंतर बराच आकसला. मात्र ही वजावट तिघेही हजर आणि सक्षम असतील तरच जमते. साखळीतली एक कडी तुटली, की उरलेल्या सगळ्या लोंबकळतात.

(१८)
मग आला खरा वाद. चढाव्यासकट पूर्ण रक्कम देण्यास भाग पाडले तर हजारो लोक दिवाळखोर ठरणार. चढावा कापला तर ज्यांनी करारावर विश्वास ठेवला त्यांच्यावर अन्याय. आणि सरकारने भरपाई केली तर तेलाचा पैसा, जो सगळ्या नागरिकांचा, तो सट्टेबाजांच्या पदरात. सरकारने लहान गुंतवणूकदारांसाठी ५० कोटी दिनारांचा निधी उभारला. ‘लहान’ची व्याख्या वाचून थक्क व्हायला होते : ज्यांचे येणे २० लाख दिनारांपर्यंत, ते लहान. चढाव्याला कात्री लावणारे कायदेही पाठोपाठ आले. पडत्या बाजाराला आधार म्हणून सरकारने पुन्हा शेअर विकत घेतले. १९७७चा धडा खरा ठरला होता.

(१९)
सगळ्यांना हे मान्य नव्हते. अर्थमंत्री अब्दुल लतीफ अल-हमद यांची भूमिका कठोर होती. स्वतःच्या मर्जीने जोखीम घेणाऱ्यांचा भार सार्वजनिक तिजोरीने उचलू नये, असे त्यांचे मत होते. सरकार वेगळ्या वाटेने गेले आणि १९८३मध्ये त्यांनी राजीनामा दिला. १९८५मध्ये निवडून आलेल्या नव्या राष्ट्रीय सभेने हा विषय सोडला नाही. लहान गुंतवणूकदारांच्या निधीचा लाभ स्वतःच्या कुटुंबाला मिळवून दिल्याचा आरोप न्यायमंत्र्यांवर झाला. ते सत्ताधारी अल-सबाह घराण्यातले होते. सभागृहात जाहीर प्रश्नोत्तरे झाली आणि त्यांना पद सोडावे लागले. आखाती राजेशाहीत असा प्रसंग विरळाच.

(२०)
त्या सभेचे आयुष्य मात्र अल्प ठरले. युद्धाचे सावट, बॉम्बस्फोट, तेलाच्या कोसळलेल्या किमती आणि मंत्र्यांना सतत विचारले जाणारे अडचणीचे प्रश्न, अशा वातावरणात ३ जुलै १९८६ रोजी अमीरांनी राष्ट्रीय सभा विसर्जित केली. केवळ मनाखमुळे हे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु सार्वजनिक पैसा कोणाला वाचवण्यासाठी वापरला गेला, हा प्रश्न त्या सभागृहातला एक कळीचा प्रश्न होता. राष्ट्रीय सभेची पुढची निवडणूक झाली ती थेट ऑक्टोबर १९९२मध्ये. म्हणजे एका अनधिकृत बाजाराची पडझड बाजारापुरती थांबली नाही; ती देशाच्या लोकप्रतिनिधित्वापर्यंत पोहोचली.

(२१)
बँकांचे काय झाले? सट्टेबाजांना, किंवा त्यांच्या जमिनी आणि शेअर तारण ठेवून, दिलेली कर्जे बुडीत निघाली. नॅशनल बँक ऑफ कुवेत आपल्या सावध धोरणामुळे भक्कम राहिली. इतर बहुतेक बँकांना सरकारी आधाराची गरज भासली. १९८६मध्ये अवघड कर्जांच्या फेडीसाठी खास योजना आली आणि परतफेड वर्षानुवर्षे लांबवण्यात आली. ती मार्गी लागण्याआधीच २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने आक्रमण केले. मुक्ततेनंतर सरकारने बँकांची देशांतर्गत कर्जे रोख्यांच्या बदल्यात स्वतःकडे घेतली. त्यात युद्धाचे नुकसान होते, तसेच मनाखचे जुने ओझेही होते. १९८२चे धनादेश एका अर्थाने नव्वदच्या दशकात वटले, आणि ते वटवले सरकारी तिजोरीने.

(२२)
नियमनाची भिंतही हळूहळू पूर्ण झाली. १९८३च्या हुकुमाने कुवेत शेअर बाजाराला नवा कायदेशीर पाया मिळाला. व्यवहारांची पूर्तता आणि नोंद ठेवणारी स्वतंत्र कंपनी याच संकटातून उभी राहिली. परंतु भांडवल बाजारासाठी स्वतंत्र नियामक प्राधिकरण निर्माण करणारा कायदा यायला २०१० साल उजाडावे लागले. कोसळण्याला तोवर २८ वर्षे झाली होती. संस्था बाजाराच्या मागून चालतात, हे जगभर दिसते. कुवेतमध्ये हे अंतर विशेष मोठे होते, कारण संपत्ती एका पिढीत आली आणि संस्था मात्र पिढ्यांनी घडतात.

(२३)
तर आपल्या तीन प्रश्नांची उत्तरे. धनादेश त्यांनी लिहिले, ज्यांना मागच्या वेळी सरकारने सावरलेले दिसले होते. ते घेणाऱ्यांनी घेतले, कारण गलबतांच्या काळातल्या विश्वासाला त्यांनी कागदी कंपन्यांच्या काळातही तेच मोल दिले. आणि भुर्दंड सोसला तो त्या साऱ्या नागरिकांनी, ज्यांच्यातल्या अनेकांनी मनाखची पायरीही चढली नव्हती. नफ्याची वाटणी झाली तेव्हा ते हजर नव्हते. तोट्याची वाटणी झाली तेव्हा मात्र त्यांना विचारलेही गेले नाही, आणि विचारणारे सभागृहच पुढे बंद झाले.

(२४)
इतिहासाच्या तरुण अभ्यासकांसाठी जाता जाता एक सूचना. कोणत्याही आर्थिक संकटाविषयी वाचताना ‘नियम नव्हते का?’ एवढेच विचारून थांबू नका. नियम बहुधा असतातच, कुवेतमध्येही होते. नियमांची हद्द कुठे संपत होती आणि त्या हद्दीपलीकडे कोण उभे होते, हे शोधा. तसेच त्या आधीच्या संकटात कोणाला वाचवले गेले होते, तेही पाहा. पुढच्या संकटाचा आराखडा पुष्कळदा तिथेच सापडतो. धागा आवडला तर मित्रांपर्यंत पोहोचवा. शंका, प्रश्न आणि भर घालण्याजोगी माहिती खाली जरूर लिहा.